मावळचे तेल, तूप आणि घाणा

मावळ म्हटले की लोहगड, विसापूर, तिकोना, राजमाची हे गड डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या गडांच्या दरवाजांवर रात्रीच्या पहाऱ्यास मशाली पेटत, ज्या लेण्यांच्या आतल्या खोल्यांत भर दिवसाही दिव्यावाचून भागत नसे आणि ज्या देवळांतील नंदादीप तेवता राहावा म्हणून जमिनी इनाम दिल्या गेल्या, त्या सर्वांना लागणारे तेल कोणत्या बियांतून निघाले, कोणत्या हातांनी गाळले आणि कोणत्या वाटांनी तेथवर पोहोचले, हा प्रश्न आपल्या इतिहासकारांनी क्वचितच विचारला आहे. लढाया, तहनामे आणि सनदा यांची दफ्तरे आपण मोठ्या निष्ठेने धुंडाळली. तेलाचे बुधले आणि तुपाच्या घागरी मात्र केवळ खर्चाच्या यादीतील एखादी ओळ म्हणून मागे राहिल्या. उतारावर खुरासणी पेरणारा कुणबी, घाण्यावर बैल फिरविणारा तेली आणि सड्यावर म्हशी राखणारा गवळी धनगर यांना वगळून लिहिलेला मावळचा इतिहास अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि या लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे उतरणाऱ्या पवना, इंद्रायणी व आंद्रा यांच्या खोऱ्यांत सखल जागी भाताची खाचरे आहेत. त्यांच्या वर, जेथे माती पातळ, खडक जवळ आणि आषाढ-श्रावणातील पाऊस सारे सत्त्व धुऊन नेणारा, तेथे महसुली दफ्तरांत ‘वरकस’ म्हणून नोंदलेल्या जमिनी लागतात. या जमिनींत नाचणी, वरई, सावा अशी हलकी धान्ये आलटून पालटून घेत, आणि जमीन थकली की ती पडीक टाकण्यापूर्वी बहुधा शेवटचे पीक खुरासणीचे, म्हणजेच कारळ्याचे, काढीत. मूळची इथिओपियाची असलेली ही वनस्पती आपल्याकडे इतक्या जुन्या काळी येऊन रुजली की तिचे परकेपण कोणाच्याच स्मरणात उरले नाही. पाऊस ओसरू लागला की डोंगरउतार तिच्या फुलांनी पिवळे होत. ज्या मातीत दुसरे काही धड येत नाही तिच्यात वाढूनही तिच्या काळ्या, बारीक, चकचकीत बीत वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक तेल भरलेले असते. मावळच्या कुणब्याच्या घरात तीच चटणी होती, तेच फोडणीचे तेल होते आणि अडचणीच्या दिवशी बाजारात नेऊन विकण्याजोगा मालही तोच होता.

एवढ्याशा बियाण्यात इतके तेल वनस्पती कशासाठी साठविते, याचे उत्तर तेलाच्या रचनेतच आहे. ग्लिसरॉल नावाच्या तीन कार्बन अणूंच्या लहानशा कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडल्या गेल्या म्हणजे तेलाचा किंवा तुपाचा एक रेणू बनतो. मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वर्षानुवर्षे साबण व चरबी यांचे पृथक्करण करून ही घडण उलगडली आणि आपला ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध केला. या साखळ्या बहुतांशी कार्बन व हायड्रोजन यांच्याच असल्यामुळे त्या जळताना विपुल ऊर्जा मोकळी होते: एक ग्रॅम पिष्टातून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून सुमारे ९. शिवाय पिष्ट आपल्याबरोबर पाणी बाळगते, तेल बाळगीत नाही. ज्या बीला वाऱ्यावर, पाण्यावर किंवा पाखराच्या चोचीतून प्रवास करावयाचा आहे आणि रुजल्यानंतर पहिले पान उन्हात उघडेपर्यंत स्वतःच्याच शिदोरीवर जगावयाचे आहे, तिला याहून हलकी आणि याहून सकस शिदोरी निसर्गाला देता आली नसती. हे तेल बीच्या पेशींत सूक्ष्म थेंबांच्या रूपाने, प्रत्येक थेंबाभोवती पातळ वेष्टन घालून ठेवलेले असते, आणि घाण्याचे सारे काम म्हणजे ही वेष्टने चिरडून थेंबास थेंब मिळविणे होय.

आता काळाच्या उलट दिशेने दोन हजार वर्षे मागे गेले, तर कार्ले, भाजे व बेडसे येथील लेण्यांच्या भिंतींवरील लेखांत या व्यवसायाच्या आसपासची माणसे भेटतात. कार्ल्याच्या चैत्यगृहाला धेनुकाकट येथील व्यापाऱ्यांनी, यवनांनी आणि कारागिरांनी दाने दिली, हे सर्वश्रुत आहे. त्यांत सिंहदत्त नावाचा एक गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, असून चैत्याचे द्वार त्याचे दान आहे. सुगंध हा त्या काळी मुख्यतः तेलात धरून ठेवीत, कारण फुलातील गंधद्रव्ये पाण्यात विरत नाहीत, ती स्निग्ध द्रव्यातच विरतात. तेव्हा गांधिकाच्या पेढीमागे कोठे तरी घाणा फिरत असला पाहिजे, हा तर्क अवास्तव नाही. याच लेण्यांतील राजाज्ञेत मामाल येथील अमात्यास उद्देशून करजिक गाव भिक्षुसंघाला दिल्याचा उल्लेख आहे, आणि मामाल म्हणजेच आपले मावळ, असे विद्वानांनी ठरविले आहे. जवळच जुन्नरच्या लेण्यांत याहून स्पष्ट पुरावा आहे. अडुथुम नावाच्या एका शक उपासकाने कोणाचिक येथील श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघाकडे, वीस निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि नऊ निवर्तने वडाच्या झाडांसाठी सोपविल्याचे तेथे कोरलेले आहे. वडाची सावली समजते; परंतु करंजाची लागवड धर्मदायात द्यावी, यावरून त्या झाडाच्या उत्पन्नाला किती किंमत होती हे दिसते. नाशिकच्या लेण्यांत तर आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळच्या लेखात तिलपिषकांची, म्हणजे तेल गाळणाऱ्यांची, श्रेणीच भेटते. आजारी भिक्षूंच्या औषधासाठी दिलेल्या रकमेपैकी काही भाग या तेल्यांच्या श्रेणीकडे ठेवीदाखल ठेवला होता. ज्यांच्या हाती अक्षय ठेव विश्वासाने सोपवावी आणि ज्यांचे व्याज पिढ्यान्पिढ्या बिनचूक येईल अशी खात्री बाळगावी, एवढी त्या काळी तेल्यांची पत होती.

करंजाविषयी येथे थोडे थांबले पाहिजे, कारण मावळच्या ओढ्याकाठी हे झाड आजही आहे. त्याचे तेल कडू व उग्र; ते पोटात जात नाही. परंतु दिव्यात ते उत्तम जळते, खरजेवर व जनावरांच्या जखमांवर लावले जाते आणि उन्हाळ्यात झाडाखाली पडलेल्या शेंगा वेचण्यास कोणाची परवानगी किंवा भांडवल लागत नाही. दिव्याच्या तेलाचा आणखी एक गुण असा की ते सहजासहजी पेट घेत नाही. वातीने ते थोडे थोडे वर ओढून घ्यावे, ज्योतीच्या उष्णतेने त्याची वाफ व्हावी आणि मग ती वाफ जळावी, हा त्याचा क्रम असल्यामुळे पणती लवंडली तरी तेल बहुधा सांडून विझते. गवताने शाकारलेल्या घरांच्या मावळात हा गुण प्राण वाचविणारा होता.

मध्ययुगात व मराठेशाहीत गावगाड्याची जी घडी बसली तिच्यात तेल्याची गणना बहुधा बलुत्यांत नसून अलुत्यांत होई. सरकारास तो मोहतर्फा, म्हणजे धंद्यावरील कर, भरी, देवळास तेल घाली आणि गावकऱ्यांचे बी गाळून देऊन मजुरीदाखल तेलाचा किंवा पेंडीचा वाटा ठेवून घेई. त्याचा घाणा म्हणजे जमिनीत पक्का रोवलेला एक प्रचंड उखळ, त्यात तिरपी उभी केलेली जड लाट, लाटेला जोडलेले आडवे लाकूड, त्यावर वजनासाठी ठेवलेला धोंडा किंवा स्वतः बसलेला तेली, आणि डोळ्यांना झापड बांधलेला एक बैल. बी घातल्यावर मधून मधून थोडे पाणी शिंपडीत, ज्यामुळे चिरडलेल्या बियांतील इतर द्रव्ये एकत्र धरली जात आणि तेल सुटे होई. लाटेच्या घर्षणाने आतला चोथा कोमट होई, परंतु करपत नसे. म्हणून घाण्याच्या तेलाला बियाचा मूळ वास राही. उरलेल्या पेंडीतही बरेच तेल मागे राही, ते बैलाच्या व म्हशीच्या पोटात जाई आणि पुन्हा दुधाच्या रूपाने घरात येई. गिरणीच्या हिशेबाने याला तोटा म्हणतील. गावाच्या हिशेबाने तो तोटा नव्हता.

या व्यवसायातील एका पुरुषाचे ऋण मराठी भाषेवर आहे. चाकणचे संताजी जगनाडे जातीने व व्यवसायाने तेली. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत त्यांची गणना आहे, आणि त्यांची समाधी मावळ तालुक्यातील सुदुंबरे या गावी आहे. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या माथ्यावर उगम पावते आणि मावळातून वाहत देहूला येते. त्या नदीच्या डोहात तुकोबांच्या वह्या बुडविल्या गेल्या, हे महाराष्ट्र जाणतो. तुकोबांचे अभंग ज्यांनी लिहून ठेवले त्यांत संताजींचे स्थान अग्रभागी आहे. त्यांच्या हातच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी १९१९ च्या सुमारास तुकोबांचा ‘असल गाथा’ छापला, ही मराठी संशोधनातील मोठी घटना मानली पाहिजे. संताजींच्या नावावर घाण्याचे अभंगही आहेत, ज्यांत घाण्याचे रूपक करून परमार्थ सांगितला आहे. स्वतःच्या धंद्याची लाज न बाळगता त्यातच देवाकडे जाण्याची वाट पाहणे, ही वारकरी पंथाची रीत त्यांच्या ठायी पूर्णत्वास पोहोचली. सुदुंबऱ्यास अशी परंपरा सांगतात की, जो मागे राहील त्याने दुसऱ्यास मूठमाती द्यावी, असे तुकोबा व संताजी यांचे वचन होते, आणि तुकोबा आधी वैकुंठास गेले तरी संताजींच्या वेळी वचन पाळण्यास परत आले. २००९ साली भारतीय टपाल खात्याने संताजींचे तिकीट काढले.

त्या काळच्या लिखाणाच्या शाईचा विचार केला म्हणजे तेल आणि अक्षर यांचा संबंध आणखी खोल आहे असे ध्यानात येते. तेलाच्या ज्योतीवर मातीचे किंवा धातूचे पात्र धरले की त्याला काजळी धरते, कारण मेदाम्लांच्या साखळ्यांतील कार्बन पुरेशा हवेअभावी पूर्ण जळत नाही आणि सूक्ष्म कणांच्या रूपाने मागे उरतो. हे काजळ डिंकाच्या पाण्यात दीर्घकाळ घोटले की पोथीची काळी शाई तयार होई. कार्बन हा हवेने, उजेडाने किंवा काळाने फिका पडणारा पदार्थ नाही; म्हणून तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीची बाडे आजही सुवाच्य आहेत, आणि त्यांच्यापुढे अलीकडच्या शाईने लिहिलेले कागद कितीतरी फिके दिसतात. मोडी दफ्तरांतील प्रत्येक काळी रेघ अशा रीतीने एकेकाळी कोणत्या तरी बीच्या पोटात होती.

तेलापेक्षा तुपाची कथा निराळी आहे, कारण ती माथ्यावरची आहे. मावळच्या डोंगरमाथ्यांवर, जेथे गाव नाही पण गवत व पाणी आहे, तेथे गवळी धनगरांच्या वस्त्या शतकानुशतके म्हशी पाळीत आल्या. तेथून दूध बाजारास पोहोचेपर्यंत नासे. म्हणून विरजण, लोणी आणि शेवटी तूप हाच मार्ग. लोणी कढविताना पाणी उडून जाते व दुधातील प्रथिने बेरीच्या रूपाने तळाशी बसतात. ज्या पाण्यावाचून जंतू वाढू शकत नाहीत ते पाणीच काढून घेतल्यामुळे तूप महिनोन्‌महिने टिकते. म्हणूनच दुर्गम माथ्यावरचा दुधाचा धंदा पुण्याच्या पेठेशी जोडला गेला आणि म्हणूनच गडाच्या कोठीत धान्याबरोबर तुपाचाही साठा करता आला. लोणावळ्याच्या थंडीत तूप थिजून रवाळ होते, तेल मात्र वाहते राहते, हा भेद घरोघर ठाऊक आहे. त्याचे कारण असे की तुपातील पुष्कळशा मेदाम्लांच्या साखळ्या सरळ असल्यामुळे त्या एकमेकींना लागून घट्ट बसतात, आणि खुरासणीच्या तेलात मुख्यतः असणाऱ्या लिनोलेइक आम्लाच्या साखळीला दोन द्विबंधांमुळे बाक येतो, त्यामुळे ती कोणाशीच नीट जुळत नाही.

अशाच साखळ्यांची गोष्ट सजीवाच्या प्रत्येक पेशीत चालू असते. स्निग्ध द्रव्यांपैकी फॉस्फोलिपिड म्हणून जी आहेत त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दोन शेपट्या पाण्यापासून दूर पळतात. असे असंख्य रेणू शेपट्यांना शेपट्या लावून दोन थरांत उभे राहिले की पेशीचे पटल बनते. गॉर्टर व ग्रेंडेल या डच शास्त्रज्ञांनी १९२५ साली रक्तातील तांबड्या पेशींवरून हा दुहेरी थर दाखवून दिला. हे पटल नसेल तर पेशीचे आत आणि बाहेर हा भेदच उरत नाही, आणि जिवंतपणाला सीमा राहत नाही. मावळच्या पावसात झाडाची पाने भिजून सडत नाहीत ती त्यांच्यावरील मेणाच्या लेपामुळे, आणि मेणही याच कुळातले.

घाण्याच्या व तुपाच्या या जुन्या व्यवस्थेवर पहिला आघात लोहमार्गाने केला. खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ साली सुरू झाला आणि बोरघाटाचा चढ १४ मे १८६३ रोजी खुला झाला. सुमारे सोळा मैलांत १,८३१ फूट चढणाऱ्या, पंचवीस बोगद्यांच्या त्या घाटावर बांधकामाच्या ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर खपत होते. गंमत अशी नव्हे, तर विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की ज्या आगगाडीने घाण्याचा धंदा पुढे बुडविला, ती स्वतः आरंभी बियांच्याच तेलावर चाले: हिंदुस्थानातील रेल्वेच्या चाकांना वंगण म्हणून आणि दिव्यांना इंधन म्हणून एरंडेल मोठ्या प्रमाणावर वापरले जाई. एरंडेलातील मेदाम्लाच्या साखळीवर एक जादा हायड्रॉक्सिल गट असतो, त्यामुळे त्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात आणि तापलेल्या आसावरही ते इतर तेलांइतके पातळ होत नाही. परंतु त्याच गाडीने पुढे अमेरिकेचे आणि मग बाकूचे रॉकेल डब्यांतून खेडोपाडी आणले. करंजाच्या तेलाहून ते लख्ख जळे आणि स्वस्त पडे. दिव्याच्या तेलाचे गिऱ्हाईक गेले तेव्हा घाण्याचा अर्धा आधार गेला. रॉकेलच्या कंदिलांना काच हवी, म्हणून याच मावळात, तळेगावला, पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली उभा राहिला, हा स्वदेशीच्या इतिहासातील उजळ भाग होय. टाटांच्या वळवण, लोणावळा व शिरवटा येथील तलावांच्या पाण्यावर खोपोलीची वीज १९१५ साली मुंबईस पोहोचली. मावळच्या पाण्याने मुंबईतील गिरण्या चालल्या. मावळच्या अनेक घरांत मात्र त्यानंतरही दीर्घकाळ कंदीलच होता.

खाण्याच्या तेलाचे गिऱ्हाईक त्यानंतर गेले. भुईमुगाच्या शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते, आणि पूर्वेकडील देशावरचा तो माल गिरणीत स्वस्तात गाळला जाऊन मावळात येऊ लागला. पातळ तेलात हायड्रोजन मिसळून त्याच्या साखळ्या सरळ करण्याची व त्यास तुपाप्रमाणे घट्ट करण्याची कृती नॉर्मान या जर्मन रसायनज्ञाने १९०२ साली सिद्ध केली होती, आणि तिच्यावर उभे राहिलेले डालडा १९३७ साली बाजारात आले. गवळ्याच्या तुपाला तो पहिला खरा प्रतिस्पर्धी. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ अखेर वर्ध्यास स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघात झवेरभाई पटेल यांनी बैलघाणीत सुधारणा करून ती पुन्हा उभी करण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. तो वाया गेला असे मी म्हणणार नाही. पण तो उशिरा आला.

लोणावळ्याची चिक्की ही या इतिहासाची एक शाखा आहे. लोहमार्गावरील मजुरांना गूळ, शेंगदाणे व तूप यांची गूळदाणी विकली जाई आणि तिचीच पुढे चिक्की झाली, अशी हकीकत तेथे सांगतात. ती हकीकत पटण्याजोगी आहे, कारण दिवसभर खडक फोडणाऱ्या माणसाला गुळाची तात्काळ शक्ती व शेंगदाण्याच्या तेलाची टिकाऊ शक्ती एकाच घासात देणारा, न नासणारा आणि खिशात मावणारा दुसरा पदार्थ सुचविणे कठीण आहे.

आज मावळच्या वरकसांवर बंगले चढले आहेत, खुरासणीचे पिवळे उतार तुरळक उरले आहेत आणि ज्यांच्या अंगणात घाण्याचा उखळ अर्धा मातीत पुरलेला आहे अशा घरांतील नव्या पिढीस त्याच्या लाटेचे वजन ठाऊक नाही. पण तेल्यांच्या घरोघर रोजमेळाच्या, उधारीच्या व देवळाच्या तेलाच्या हिशेबाच्या जुन्या वह्या अजूनही माळ्यावर असतील. दिवाबत्तीच्या इनामाचे कागद देवस्थानांच्या पेट्यांत असतील. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात घाण्याच्या एकेका भागाची नावे असतील. मावळातील वाचकांना माझी विनंती अशी की हे कागद वाळवीच्या स्वाधीन न करता पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे न्यावेत किंवा निदान त्यांच्या नकला तेथे द्याव्यात, आणि ज्यांनी घाणा चालताना पाहिला आहे त्यांच्याकडून त्याची हकीकत याच वर्षी लिहून घ्यावी.